सावंतवाडीची खेळणी, वेंगुर्ल्याचा समुद्र आणि आमचा मोत्या

मुंबईत अँटॉप हिल नावाचा भाग आहे. तिथल्या सरकारी वसाहतीत आम्ही राहतो. घरात आजी, आम्ही नवराबायको, दोन मुलगे आणि मोत्या. मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. तो काही विलायती जातीचा नाही, रस्त्यावरचाच. पावसात भिजून जिन्याखाली बसला होता, तो घरचाच झाला.

नाताळच्या सुट्टीत मुलांच्या मामाकडे जायचे ठरले. मामाचे घर वेंगुर्ले तालुक्यात वायंगणीला. अंगणातून निघाले की माडांच्या पलीकडे समुद्र. मुले म्हणाली, मोत्याला नेल्याशिवाय आम्ही येत नाही. आजी म्हणाली, "कुत्र्याला काय करायची आहे सुट्टी?" पण मागे त्याला सांभाळणार कोण? तेव्हा न्यायचे ठरले.

मे महिन्यात आम्ही त्याला मुळीच नेला नसता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. उन्हाळ्यात बंद डब्यात त्याचा जीव जायची भीती असते.

आधी त्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. दवाखान्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने आहे. पण परळ-लालबागची जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. गाड्या ओढणारे बैल आणि व्हिक्टोरियाचे घोडे इथे औषधाला येत, म्हणून ते नाव पडले. 1886 साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे. डॉक्टरांनी मोत्याला पिसाळीची लस टोचली. प्रकृती ठीक असल्याचा दाखलाही दिला. ही लस दरवर्षी टोचून घ्यावी लागते. मागच्या वर्षी टोचली, आता कशाला, असे म्हणून चालत नाही.

आगगाडीत कुत्र्याला आपल्याशेजारी बसवता येत नाही. पहिल्या वर्गाची अख्खी खोली भाड्याने घेतली तरच तो जवळ राहू शकतो. ते आम्हांला कुठले परवडायला? मग दुसरी सोय गार्डाच्या डब्यातल्या पेटीची. पार्सलच्या कचेरीत पैसे भरून पावती घ्यायची. साखळी आणि पाणी आपले आपण न्यायचे. दादरहून रात्री गाडी सुटली. मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली की थोरला धावत जाऊन मोत्याला पाणी देऊन येई. कोकणात ही रेल्वे 1998 सालापासून पुरती धावू लागली. त्याआधी एस.टी.ने नाही तर बोटीने जावे लागे. आजीने बोटीचा प्रवास केलेला आहे. तिच्या तोंडून तो ऐकत बसलो तर हा लेख इथेच संपेल.

सावंतवाडीला उतरलो. मामा स्टेशनावर आला होता. तो म्हणाला, आधी बाजारातून चक्कर मारू, मग घरी जाऊ. मोती तलावापासून जवळच चितार आळी आहे. दोन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची दुकाने. आंबे, केळी, फणस, वांगी, सगळे लाकडाचे. लांबून खरेच वाटतात. धाकट्याने एक सीताफळ उचलून वास घेतला, तेव्हा दुकानदार हसू लागला.

ही खेळणी कशी होतात ते आम्ही एका कारागिराकडे बसून पाहिले.

हलक्या खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड घेतात. पांगारा तुम्ही बांधावर पाहिलाच असेल. अंगावर काटे असतात आणि शिमग्याच्या सुमाराला तांबड्या फुलांनी भरतो. त्याचे लाकूड मऊ आणि हलके. सरपणालाही कोणी फारसे विचारत नाही. पण पटाशी त्यात लोण्यासारखी चालते. लाकूड नीट वाळू द्यावे लागते. ओल्या लाकडाचे फळ केले तर पुढे ते तडकते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. वाळले की तोडायचे, तासायचे, घासायचे. मग खळीत कालवलेल्या पांढऱ्या मातीचा हात द्यायचा. त्याने लाकडाची छिद्रे बुजतात. त्यावर रंग.

गोल वस्तूंची रीत निराळी. भोवरा, गाडीचे चाक, पाळण्याचे खांब अशा वस्तू लेथवर चढवतात. पूर्वी एक माणूस दोरी ओढून लेथ फिरवी आणि दुसरा हत्यार धरी. आता वीज ते काम करते. लाकूड गरगर फिरत असते. कारागीर हत्यार लावतो आणि भुसा उडतो. आकार झाला की तो रंगीत लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरतो. घासण्याने लाकूड तापते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ना कुंचला, ना पाणी. शेवटी केवड्याचे पान दाबून धरले की आरशासारखी चकाकी येते.

लाख म्हणजे काय? बारीक किडे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर बसतात, रस पितात आणि अंगाभोवती चिकट कवच करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून लाख होते. आम्ही कारागिराला विचारले, मूल चाक तोंडात घालते, त्याचे काय? तो म्हणाला, खेळणे घेताना रंग कोणता ते दुकानदाराला विचारत जा. निव्वळ लाख तोंडात गेली तर भीती नाही. पण काही तेलरंगांत शिसे असते, ते पोटात जाणे वाईट. हा प्रश्न विचारायला लाजू नये. आम्ही तर कुत्र्यासाठीसुद्धा विचारला. मोत्याला लाकूड चावायची खोड आहे.

तिथेच गंजिफा पाहिली. पत्ते खरे, पण गोल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि एकेका रंगाची बारा पाने. म्हणजे सगळी मिळून 120 पाने. प्रत्येक पान हाताने रंगवलेले. छापील पत्ते स्वस्त मिळू लागले आणि ही कला बुडायला आली. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवले, स्वतः शिकले आणि कला टिकवली. गंजिफेचा डाव आम्हांला परवडणारा नव्हता. आम्ही एक बैलगाडी घेतली. घासाघीस केली नाही. दिवसभर बसून त्या माणसाच्या हातून किती वस्तू होतात ते पाहिल्यावर तोंडच उघडेना.

तिथून तासाभरात घरी पोचलो. मोत्याने समुद्र पाहिला आणि वेडाच झाला. लाटेवर भुंके, लाट आली की पळे. मग पाणी प्यायला गेला. ते आम्ही थांबवले. खारे पाणी पोटात गेले की ओकाऱ्या होतात आणि अंगातले पाणी आटते. म्हणून गोड्या पाण्याचा तांब्या बरोबर ठेवला. किनाऱ्यावर मेलेला केंड मासा पडलेला असे. तो फुगा होऊन पडतो. त्याच्या अंगात जहाल विष असते. कुत्र्याने खाल्ला तर वाचणे कठीण. कोळ्यांच्या जाळ्यांचे तुकडे आणि गळही वाळूत असतात.

संध्याकाळी मामा म्हणाला, याला मोकळा सोडू नका. आम्हांला वाटले, माणसांना भिववील म्हणून. पण कारण वेगळे होते.

थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यावर रात्री कासविणी येतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या. वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून जागा दडपतात आणि पुन्हा समुद्रात जातात. आई परत येत नाही. पन्नास-साठ दिवसांनी वाळूच्या उबेने पिल्ले बाहेर येतात. तोवर कोल्हे आणि कुत्रे वास काढून उकरतात. एका रात्रीत सगळा खड्डा फस्त. म्हणून गावातले कासवमित्र पहाटे किनारा फिरतात, अंडी उचलतात आणि जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. 1972 च्या कायद्याने या कासवांना आणि अंड्यांना हात लावायला बंदी आहे. पण कायदा कुत्र्याला कोण वाचून दाखवणार? कुत्र्याचा मालक वाचू शकतो.

मोत्याची साखळी खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसांत गंजली. मामाने काथ्याचा दोर वळून दिला. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात काही महिने कुजवतात, मग बडवून काथ्या काढतात. मामाने काथ्याच्या दोन लडी घेतल्या. दोन्हींना एकाच बाजूने पीळ दिला. मग त्या एकमेकींवर उलट्या बाजूने वळल्या. लडी सुटायला बघतात, पण उलटा पीळ त्यांना सुटू देत नाही. दोराची सगळी ताकद त्या भांडणात आहे. काथ्या खाऱ्या पाण्याने लवकर कुजत नाही. पण तो खरबरीत, मान सोलवटते. म्हणून गळ्याशी आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी संकट आले. किनाऱ्यावरची दोन कुत्री मोत्याच्या अंगावर धावली. धाकटा मध्ये पडला. त्यातल्या एकाने त्याच्या पोटरीला चावा घेतला. रक्त वाहू लागले.

आजी ओरडली, "मिरची भरा रे, मिरची! इख उतरेल." आम्हीही गोंधळलो. लहानपणी गावात हेच पाहिलेले. पण मामी धावत आली. ती गावात आशा म्हणून काम करते. ती म्हणाली, "मिरची नको, चुनो नको. आधी साबण आणा. बाकीचा मागीर बघूया." नळाखाली पाय धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुतला. धाकटा रडत होता. मामीने घड्याळ समोर ठेवले होते. पाच मिनिटांत आटपू दिले नाही.

पिसाळी कुत्र्याच्या लाळेतून येते. तिचे विषाणू जखमेतून शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. मेंदूला पोचले, पाण्याची भीती सुरू झाली, की जगातला कोणताही डॉक्टर सहसा माणसाला वाचवू शकत नाही. पण वाटेत असताना त्यांना अडवता येते. साबणाने पुष्कळ विषाणू जागीच मरतात. उरलेल्यांना लस गाठते. मिरची भरली तर जखम चिडते आणि धुवायची वेळ फुकट जाते.

तसेच वेंगुर्ल्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. रक्त आले होते, म्हणून जखमेतच एक औषध टोचले. ते विषाणूंना ताबडतोब पकडते, कारण लसीचा गुण यायला काही दिवस लागतात. मग दंडावर लस. पोटात चौदा सुया टोचत, ते दिवस गेले. आता दंडाच्या कातडीत बारीक सुई देतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मोजणी पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून करायची. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

आम्ही विचारले, ते कुत्रे धडधाकट दिसत होते, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवून मग सुई घेतली तर? डॉक्टर म्हणाले, नजर जरूर ठेवा, पण सुईला थांबू नका. मामाने ती नजर ठेवली. कुत्रे रोज मासळीच्या टोपल्यांपाशी येत होते. दहा दिवसांनी त्याचा निरोप आला की ते जिवंत आहे आणि भांडखोरही तेवढेच आहे.

मोत्यालाही खरचटले होते. त्याची लस झाली होती, तरी त्याला पुन्हा सुई टोचून घेतली.

दवाखान्याने एक कागद दिला. त्यावर चार तारखा. आजी साठीनंतर अक्षरे शिकली आहे. तिने तो कागद हातात घेतला, बोट ठेवून तारखा वाचल्या आणि आपल्या बटव्यात ठेवला. दुसरी सुई वेंगुर्ल्यालाच झाली. सातव्या दिवशी आम्ही मुंबईत होतो. घराजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात आजीच त्याला घेऊन गेली. शेवटच्या सुईच्या वेळी पाय बरा झाला होता. धाकटा म्हणाला, आता कशाला? आजीने बटवा उघडला आणि कागद त्याच्या नाकासमोर धरला. गेला बिचारा.

मोत्याला आता काथ्याच्या दोरानेच फिरवतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तसा दोर मागितला आहे, मामाला कळवले आहे. बैलगाडी खिडकीत ठेवली होती. तिचे एक चाक मोत्याने चावले. लाखेचा तांबडा रंग तेवढ्यापुरता उडाला आहे आणि आतले पांगाऱ्याचे पांढरे लाकूड दिसते.