चपलांची आगगाडी

पाहुण्यांच्या चपला ओळीने लावून माझ्या नातीने एकदा आगगाडी केली. पाहुणे निघाले, तर बाईसाहेब म्हणतात, “नाना, स्टेशन आल्याशिवाय डबा काढायचा नाही!” सगळे हसले. पण श्रोतेहो, यात नुसता खट्याळपणा नाही.

चप्पल ही चप्पलच आहे, हे मुलाला पक्के ठाऊक असते. तरी ते तिला डबा मानते आणि गाडीचे नियमही पाळते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ मधल्या व्याख्यानात हेच उलगडून दाखवले. काठीचा घोडा करताना मूल वस्तू आणि अर्थ वेगळे करायला शिकते. मी कवी, उपमा याहून वेगळी काय असते?

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या साध्या वस्तूंनाच साधन मानले. महागडे खेळणे लागतेच असे नाही. लागतो तो मोकळा वेळ, आणि तोच आपण शिकवण्या व मोबाइल यांत वाटून टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारात खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. घराघरांत तो अजून स्वीकारायचा आहे.