दिवाळे निघाले, पण नोंद कोठे आहे?



सुरतेच्या कापडबाजारात एक गुजराती शब्द फार धास्तीने उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे ‘उठमणुं’. काल सायंकाळपर्यंत गादीवर बसून उधारीने माल उचलणारा व्यापारी आज दुकानास कुलूप ठोकून नाहीसा झाला, की ही वार्ता रिंग रोडच्या बाजारपेठांतून हां हां म्हणता पसरते. उधना, लिंबायत या भागांत राहणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवांपैकी कोणाची मजुरी, कोणाचा माल, तर कोणाची हातउसनी रक्कम त्या व्यापाऱ्याकडे अडकलेली असते. शेजारीपाजारी समजूत घालतात, “त्याचे दिवाळे निघाले, आता पैशांवर पाणी सोडा.” आणि अनेक माणसे खरोखरच पाणी सोडून मोकळी होतात.

आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की दिवाळे निघाले असे लोकांनी म्हणणे आणि न्यायालयाने एखाद्यास नादार ठरविणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पूर्वी पेढी बुडाली म्हणजे सावकार दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवी, व त्यावरूनच ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. त्या दिव्याने गावाला बातमी कळत असे. कायद्याला मात्र लेखी हुकूम लागतो. ‘नादारी’ हा शब्द आपण शाळेच्या फीमाफीसाठी ऐकलेला असतो. कायद्यात त्याचा अर्थ, कर्ज फेडण्यास असमर्थ ठरविले जाणे, असा आहे. हा हुकूम झाला की नाही, हे शोधावयाचे कोठे? त्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असा, की ऋणको कोण आहे? व्यक्ती, भागीदारी पेढी, की नोंदलेली कंपनी? कंपनी असेल तर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते, आणि सुरतेच्या कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद येथील पीठापुढे चालते. असे प्रकरण दाखल होण्यास थकबाकी किमान एक कोटी रुपयांची असावी लागते. २०२० च्या मार्चपूर्वी ही मर्यादा एक लाखाची होती. प्रकरण दाखल करून घेतले गेले म्हणजे जाहीर सूचना निघते. ती एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात छापली जाते आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही कोणासही विनामूल्य पाहता येते. तिच्यात दावा कोणाकडे व केव्हापर्यंत पाठवावा हे दिलेले असते. ही मुदत सामान्यतः चौदा दिवसांची, म्हणजे अगदी थोडी असते. म्हणून कंपनीकडे ज्याचे येणे आहे, त्याने प्रथम हे संकेतस्थळ पाहावे. कामगाराच्या थकलेल्या वेतनाचाही दावा येथे करता येतो, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

परंतु सुरतेचा व्यापार मोठ्या अंशी एकट्या मालकाच्या व भागीदारीच्या पेढ्यांवर चालतो. खेड्यातील किराणा दुकानदार किंवा शेतकरी तर व्यक्तीच होय. नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच अमलात आला आहे. इतरांसाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालू आहे. त्याची जुनाट खूण त्याच्या आकड्यांतच दिसते: मूळ अधिनियमाप्रमाणे पाचशे रुपयांचे कर्जदेखील अर्जास पुरेसे होते. या कायद्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा ज्यास तसा अधिकार दिला असेल अशा दुय्यम न्यायालयात होतो. म्हणून बारडोली वा ओलपाड तालुक्यातील माणसाचा शोध त्याच्या गावच्या पंचायतीत किंवा मामलतदार कचेरीत घेणे व्यर्थ आहे. तो शोध सुरतेच्या जिल्हा न्यायालयापासून सुरू करावा.

येथेच दुसरा प्रश्न येतो: माणूस राहत कोठे होता व धंदा कोठे करीत होता? अर्ज त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या किंवा धंद्याच्या ठिकाणी होतो. घर सुरतेस आणि पेढी मुंबईस असेल, तर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात असणे संभवते. कारण मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा निराळा अधिनियम आहे. तेथे नादाराची मालमत्ता ‘ऑफिशियल असायनी’ या अधिकाऱ्याकडे जाते, तर सुरतेकडे ती न्यायालय किंवा रिसीव्हर यांच्याकडे जाते.

ज्यांचे नातलग अमेरिकेत आहेत, त्यांस तेथील शोधही याच जातीचा आढळेल. तेथील एखाद्या ग्रामीण कौंटीतील रहिवाशाची दिवाळखोरी त्या कौंटीच्या न्यायालयात नोंदलेली नसते. ती संघराज्याच्या दिवाळखोरी न्यायालयात असते. तिचे कागद ‘पेसर’ नावाच्या यंत्रणेतून पृष्ठागणिक शुल्क भरून पाहता येतात. जुनी प्रकरणे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेलेली असतात. घराजवळची कचेरी ती योग्य कचेरी, असा समज दोन्ही देशांत सारखाच फसवा आहे.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि आपल्या भागात तोच सर्वांत बिकट. सुरत जिल्ह्याची हद्द अनेकदा बदलली आहे. व्यारा, सोनगड, महुवा, कामरेज, पलसाणा ही गावे १९४९ पर्यंत बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. तेव्हा तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू नव्हते, आणि राज्याचे हुकूम ‘आज्ञापत्रिके’त छापले जात. त्या काळचा शोध बडोद्याच्या दप्तरातच घ्यावा लागेल. पुढे १९६४ साली वलसाड जिल्हा सुरतेतून वेगळा झाला, १९९७ साली वलसाडमधून नवसारी निघाला, आणि २००७ साली व्यारा हे मुख्य ठिकाण करून तापी जिल्हा झाला. तेव्हा चिखलीच्या माणसाचे १९५८ चे प्रकरण सुरतेस नोंदलेले असावयाचे. आजच्या नकाशावर भिस्त ठेवून केवळ नवसारीस खेटे घालणारा रित्या हातांनी परतेल. फाटाफुटीच्या सुमाराची प्रकरणे असतील तर जुन्या व नव्या अशा दोन्ही न्यायालयांत चौकशी करावी.

अलीकडची प्रकरणे ‘ई-कोर्ट्स’ या शासकीय संकेतस्थळावर जिल्हा न्यायालय निवडून, पक्षकाराच्या नावाने व वर्षाने शोधता येतात. नाव निरनिराळ्या तऱ्हेने लिहून पाहावे. वडिलांचे नाव व आडनाव मागेपुढे झाल्याने सापडणारी नोंदही हुकते. जुन्या प्रकरणांसाठी मात्र राजपत्र हाच मोठा आधार. एखाद्यास नादार ठरविल्यावर त्याचे नाव, पत्ता, हुकुमाची तारीख, न्यायालयाचे नाव, आणि त्याने मुक्ततेसाठी कोणत्या मुदतीत अर्ज करावयाचा, ही सर्व माहिती राजपत्रात प्रसिद्ध करणे कायद्याने आवश्यक आहे. १ मे १९६० पासून ती गुजरातच्या राजपत्रात पाहावी, आणि त्यापूर्वीची मुंबई सरकारच्या राजपत्रात. राजपत्रावरून तारीख व न्यायालय समजले, की दप्तरखान्यात प्रकरण काढण्यास सांगता येते व नकलेसाठी अर्ज करता येतो. आपण पक्षकार नसल्यास नक्कल कशासाठी हवी, याचे कारण द्यावे लागते.

नोंद हाती आली, तरी ती शेवटपर्यंत वाचली पाहिजे. अर्ज दाखल होणे म्हणजे नादार ठरणे नव्हे; कित्येक अर्ज फेटाळले जातात. नादार ठरविलेल्याने मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही, तर तो हुकूम रद्द होऊ शकतो. आणि मुक्ततेचा हुकूम झाला असेल, तर सिद्ध करण्याजोग्या बहुतेक देण्यांतून तो माणूस सुटलेला असतो. सरकारी देणे, कपटाने केलेले देणे व न्यायालयाने ठरविलेली पोटगी यांतून मात्र तो सुटत नाही. तसेच त्याचा जामीनदार किंवा भागीदारही त्याच्याबरोबर सुटत नाही. ज्याच्या नावावर नुसता बट्टा लागला आहे, त्याला बाजार कधी मुक्त करीत नाही, न्यायालय करते. त्याच्या मुलाने नवे दुकान थाटले, तर बापाची जुनी गोष्ट उगाळण्यापूर्वी मुक्ततेचा हुकूम झाला होता काय, हे पाहणे न्यायाचे होय.

आणि नोंद मुळीच सापडली नाही तर? योग्य ठिकाणी, योग्य काळात शोधूनही ती नसेल, तर तो माणूस बहुधा कायद्याने नादार ठरलेलाच नाही. तो सुस्थितीत आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण आपल्या दाव्यास नादारीची आडकाठी नाही, एवढे त्यावरून समजते. धनको दिवाणी दावा करू शकतो. फसवणूक असेल तर फिर्याद देऊ शकतो. दाव्याची मुदत मात्र साधारणतः तीन वर्षांची असते, आणि ‘दिवाळे निघाले’ या ऐकीव वार्तेवर विसंबून स्वस्थ बसणाऱ्यांची ती मुदत नकळत संपून जाते. उलट नादारीचा हुकूम झालेला असेल, तर न्यायालयाच्या परवानगीवाचून वेगळा दावा चालत नाही. अशा वेळी शपथपत्र करून आपले येणे त्याच प्रकरणात सिद्ध करावे लागते, तेव्हाच मालमत्तेच्या वाटणीत आपले नाव लागते.

म्हणून उठमणुं झाल्याची बातमी कानी येताच आपली बिले, चिठ्ठ्या व हिशेबाची वही एकत्र करावी. त्या माणसाचे पूर्ण नाव, राहण्याचा व धंद्याचा पत्ता आणि व्यवहाराच्या तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात. आणि मग जिल्हा न्यायालयाची वाट धरावी. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्याची चौकशी करावी. पैसे मिळतीलच असे कोणी सांगू शकणार नाही. परंतु ते खरोखर बुडाले आहेत की नाहीत, हे तरी बाजारगप्पांवरून ठरवू नये.