चीज खावे की पनीर?

कॉलेज रोडवरच्या सँडविचवर चीज किसून घातल्याशिवाय हल्ली मुलांचे समाधान होत नाही, आणि पाहुणे आले की घरोघरी पनीरची भाजी ठरलेली. दोन्ही दुधाचेच, म्हणजे दोन्ही सारखेच पौष्टिक, असा अनेक गृहिणींचा समज असतो. तो बरोबर नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम चीजमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, २५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७९० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. पनीरमध्ये प्रथिने १८, स्निग्धांश २१ आणि कॅल्शियम अवघे २०८. लिंबू पिळून दूध फाडले की आम्लामुळे बरेचसे कॅल्शियम पाण्यात उतरते. ते हिरवट पाणी मोरीत ओतू नये. त्यात पोळ्यांची कणीक भिजवावी.

मग वाढत्या वयाच्या मुलांना चीजच द्यावे का? अधूनमधून एखादा तुकडा जरूर द्यावा. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्यांनाही मुरवलेले चीज बहुधा सोसते, कारण त्यात दुधातली साखर जवळजवळ उरत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र चीजपासून लांबच राहावे. प्रोसेस्ड चीजच्या १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमहून अधिक सोडियम सहज असते, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमहूनही कमी मीठ खा म्हणते, आणि आपल्याकडे सकाळची मिसळ, दुपारचे लोणचे-पापड आधीच हजर असतात! मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना तर प्रोसेस्ड चीजमधले फॉस्फेटचे क्षारही बाधतात.

घरच्या पनीरला मीठ लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी, वजन कमी करणाऱ्यांनी दूध तापवून, गार करून, साय काढून मग फाडावे. स्निग्धांश बराच कमी होतो, प्रथिने घटत नाहीत. म्हशीच्या दुधाचे पनीर लुसलुशीत खरे, पण त्यांच्यासाठी गायीचेच बरे. प्रमाण दिवसाला ५० ग्रॅमपर्यंत पुरे. तेच पनीर तळून, काजूच्या वाटणात घातले तर साय काढण्याचा खटाटोप कशाला केला?

आता विकतच्या पनीरविषयी. मार्च २०२५ मध्ये बनावट पनीरचा प्रश्न विधानसभेत गाजला. ‘चीज अ‍ॅनालॉग’ म्हणून विकला जाणारा हा पदार्थ दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून करतात. तशी नोंद करून तो विकायला कायद्याची आडकाठी नाही; पनीर म्हणून विकणे हा गुन्हा आहे. घरी थोडे पनीर पाण्यात उकळून, गार करून टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्टमय पदार्थ मिसळला आहे. तेलाची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. म्हणून सुटे पनीर घेण्यापेक्षा पाकिटातले घ्यावे आणि घटकांची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे ‘वनस्पती तेल’ दिसले, तर ते दुकानदाराला परत करावे.