एडीएचडी आणि चारची अपॉइंटमेंट

एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांना ‘एवढंही लक्षात राहत नाही?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. अपॉइंटमेंटची तारीख बहुतेकदा माहीत असते, ती नेमक्या क्षणी आठवत नाही. त्यात किती वेळ सरला याचा अंदाजही कच्चा असतो. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की आठवण डोक्यात साठवू नका, काम जिथे करायचं तिथे ती डोळ्यांसमोर ठेवा.

म्हणून कॅलेंडर एकच. वेळ ठरली की फोन ठेवण्याआधी नोंद. दवाखान्यात चारला पोहोचायचं असेल, तर घरातून निघायची वेळ लिहा, हे सगळ्यांत महत्त्वाचं! एक गजर आदल्या संध्याकाळी लावा, रिपोर्टची फाइल पिशवीत भरून दाराशी ठेवायला. दुसरा निघण्याच्या वीस मिनिटं आधी. त्याला ‘डॉक्टर’ असं मोघम नाव नको, ‘आवरा, चप्पल घाला’ असं लिहा. पायांत चप्पल येईपर्यंत गजर बंद करायचा नाही, फक्त स्नूझ.

हे एकच कॅलेंडर म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय मला आजही मोलाचं वाटतं. ॲप मिटलं की नजरेआड होतं, भिंत दिसत राहते. ‘सकाळचा चहा झाला की कालनिर्णय बघायचं’ अशी जोडी ठरवा. ‘अमुक झालं की तमुक’ या पद्धतीवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं संशोधन प्रसिद्ध आहे.

निदान आणि औषधं मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडूनच. आणि घरच्यांनो, आठवण जरूर करा, टोमणा मारू नका.