युद्धजन्य मनोविकृती
रणांगणावरील प्राणसंकट, सहकाऱ्यांचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू किंवा स्वतःच्या हातून घडलेली हत्या यांसारख्या अनुभवांमुळे सैनिकाच्या ठिकाणी उद्भवणारी व युद्ध संपल्यावरही टिकून राहणारी मनोविकृती. हल्ली तिचा समावेश आघातोत्तर तणाव विकृतीत करतात. घडलेला प्रसंग नको असताना आठवणे वा स्वप्नात दिसणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, भावना बोथट होणे आणि किरकोळ आवाजानेही दचकणे ही तिची प्रमुख लक्षणे होत.

अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांत आढळलेल्या छातीच्या धडधडीचे वर्णन जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये केले. तेव्हा ती हृदयाची व्याधी समजली गेली. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल-शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. तोफगोळ्याच्या स्फोटाचा शरीरावर होणारा परिणाम तिला अभिप्रेत होता. परंतु स्फोटापासून दूर असलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागल्याने ती अपुरी ठरली. सैनिकाला कोणते नाव लागते, यावर त्याचे भवितव्य अवलंबून असे. जखमी ठरल्यास रुग्णालय, भित्रा ठरल्यास लष्करी न्यायालय. पहिल्या महायुद्धात पलायन, भ्याडपणा इ. आरोपांवरून गोळ्या घालून ठार केलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली. एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (१८६४–१९२२) हे रुग्णांना आठवणी दडपण्याऐवजी त्यांविषयी बोलण्यास प्रवृत्त करीत. कवी सिगफ्रीड ससून हे त्यांचे रुग्ण होते. हे रुग्णालय मात्र अधिकाऱ्यांसाठी होते. सामान्य शिपायांपैकी काहींच्या वाट्याला विजेचे झटके आले.

व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची अडचण वेगळीच होती. १९६८ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात युद्धताणाचे स्वतंत्र निदान उरले नव्हते. सरकारी रुग्णालयांवर विश्वास नसलेले माजी सैनिक १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये आपापसांत चर्चागट भरवू लागले. रॉबर्ट लिफ्टन व हाइम शॅटन हे मानसोपचारज्ञ त्यांत सहभागी झाले. १९७९ मध्ये माजी सैनिकांसाठी रुग्णालयांबाहेर समुपदेशन केंद्रे मंजूर झाली आणि १९८० च्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकृतीस स्थान मिळाले. पुढे झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, व्हिएटनामच्या युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या पुरुषांपैकी सु. १५ टक्के जणांत ही विकृती युद्धानंतर दशकाहून अधिक काळ लोटल्यावरही आढळली.

उपचारांत आघाताच्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धती, त्यांतून रुजलेल्या अपराधी व निराश समजुती तपासणारी बोधात्मक चिकित्सा आणि सर्ट्रालिनसारखी औषधे वापरतात. टाळाटाळ हेच विकृतीचे लक्षण असल्याने उपचारांत जे बोलावयाचे, तेच रुग्णास टाळावेसे वाटते. सेवेत असलेल्या सैनिकाला बढतीची व सहकाऱ्यांत नालस्ती होण्याची चिंताही असते. त्यामुळे तो पुष्कळदा निद्रानाश, मद्यपान किंवा घरातील भांडणे यांची तक्रार घेऊनच प्रथम डॉक्टरांकडे येतो, अथवा पत्नी त्यास घेऊन येते.