सौर डागाची झालर

सौर डाग काळा दिसतो तो केवळ तुलनेने. त्याच्या गाभ्याचे, म्हणजे प्रच्छायेचे, तापमान सुमारे 4000 केल्विन असते आणि भोवतालच्या पृष्ठभागाचे 5800 केल्विनच्या आसपास असल्यामुळे त्या झळाळीपुढे तो काळवंडलेला भासतो. तेथील 2000 ते 3000 गौसचे चुंबकीय क्षेत्र खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे अभिसरण रोखून धरते, हे या थंडपणाचे कारण होय. पृथ्वीचे क्षेत्र एक गौसही भरत नाही. गाभ्याभोवतीच्या फिकट झालरीला उपच्छाया म्हणतात, आणि डागाचे खरे नवल तिच्यातच आहे.

खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांनी 5 जानेवारी 1909 रोजी कोडाईकनाल येथील वेधशाळेत डागांचे वर्णपट घेतले, तेव्हा उपच्छायेतील वर्णरेषा तिरप्या झालेल्या आढळल्या. वायू आपल्याकडे येत असेल तर वर्णरेषा निळ्या बाजूस सरकते आणि दूर जात असेल तर तांबड्या बाजूस. डाग बिंबाच्या मध्याशी असताना हे सरकणे जवळजवळ नाहीसे होई व कडेकडे वाढे. त्यावरून वायू पृष्ठभागाला समांतर, गाभ्याकडून बाहेर, सेकंदाला सुमारे 2 किलोमीटर वेगाने वाहतो, असे ठरले. या वेगाने कर्जत ते खालापूर तालुक्यातील खोपोली हा 15 किलोमीटरचा लोहमार्ग आठ सेकंदांच्या आत संपेल.

पुढच्या, अधिक समर्थ दुर्बिणींतून ही झालर म्हणजे बारीक तंतूंची दाटी असल्याचे दिसले. ‘बारीक’ म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटर रुंदीचे, जवळपास मुंबई-पुणे लोहमार्गाच्या लांबीएवढे. येथे काही चुंबकीय क्षेत्ररेषा तिरप्या उठलेल्या, तर त्यांना लागूनच काही जवळजवळ आडव्या पसरलेल्या असतात. वायू विद्युत्‌वाहक असल्यामुळे त्याला क्षेत्ररेषा सहजासहजी ओलांडता येत नाहीत, त्यांच्या वाटेने मात्र तो मोकळा धावतो. भातखाचरांच्या बांधांमधून पाटाचे पाणी जावे तसा तो आडव्या रेषांतून जातो, तंतूच्या आतल्या टोकाशी तप्त होऊन वर येतो आणि प्रकाश देत निवत बाहेरच्या टोकाशी व दोन्ही कडांना पुन्हा खाली बुडतो.

या अभ्यासाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी एव्हरशेड विदर्भातील तळणी येथे आले होते, तर खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षण करीत होते. नायगामवालांनी पुण्यात 1888 मध्ये उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा 1912 मध्ये बंद पडली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याची ही हानी मोठीच होती. 2 सप्टेंबर 2023 रोजी ‘आदित्य-एल1’ यानातून सूर्याचा वेध घेण्यास निघालेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण मात्र पुण्याच्याच ‘आयुका’ या संस्थेच्या पुढाकाराने घडली आहे.