तयार नाद आणि स्वतःची चाल

संगणकावर गाणें बांधणारीं मुलें आज पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांच्यावरचा वडील मंडळींचा आक्षेपहि ठरलेला आहे: "नाद यंत्रानें दिला, ताल यंत्रानें दिला, मग तुझें त्यांत काय?" राजारामपुरींतील परिचयाच्या घरांतून हा वाद आम्ही वारंवार ऐकतों. प्रश्न रास्त आहे. पण त्या एका प्रश्नानें मूल कायमचें गप्प बसलें, तर हानि घराचीच.

सिंथेसायझर विजेच्या योगें नाद उत्पन्न करतो. पूर्वींच्या यंत्रांत मनाजोगता नाद जुळला, तर कळांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागत. १९७८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'प्रॉफेट-५'नें ही जुळणी यंत्रांतच सांठविण्याची सोय केली. १९८३ मध्यें आलेल्या यामाहाच्या 'डीएक्स-७'मध्यें ३२ नाद तयार असत. नवा घडविणें इतकें किचकट, कीं बहुतेक वादक तयार नादांवरच विसंबले. अशा तयार जुळणीस 'प्रीसेट' म्हणतात.

ही रीत आपणांस अगदींच परकी नाहीं. संस्कृतांतील समस्यापूर्तींत एक चरण आयता मिळतो; उरलेले तीन रचणारा तो कवि. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'सौभद्रां'त (१८८२) रूढ चालींवर पदें रचलीं. पुढें १९११ सालीं आमच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनीं 'मानापमाना'स संगीत देतांना उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या वळणांचा आधार घेतला. त्यांस कोणी उसनवार म्हणत नाहीं.

प्रीसेटपासून स्फूर्ति मिळते ती कशी? कांहीं नाद आघातासरशीं उमटतात, कांहीं सावकाश फुलतात. सावकाश फुलणाऱ्या नादावर जलद तान शोभत नाहीं. बोटें आपोआप संथ होतात, आणि एरव्हीं न सुचलेली स्वरावलि सुचते. येथवर यंत्राचें काम. पुढें नादाचा आरंभ लांबवावा, झळाळी उतरवावी, स्वर वळविण्याच्या चाकानें मींड साधून पाहावी, आणि ती जुळणी निराळ्या नांवानें सांठवावी. हें न केलें, तर तोच नाद शेजारच्या गाण्यांतहि ऐकूं येणार. कारण यंत्र सर्वांस तेंच देतें.

म्हणून वडील मंडळींनीं आपला प्रश्न थोडा बदलावा. "तुझें त्यांत काय?" असें न विचारतां "तूं त्यांत काय बदललेंस?" असें विचारावें, आणि मुलाचें उत्तर बसून ऐकावें.